पुढचा ‘डेमन स्लेअर’ कोणता? कोरपन्यातून लावलेले तीन डाव

मागच्या रविवारी टाकलेल्या भागाचं हे लिहिलेलं रूप. वनसडीच्या पुढे गेलं की रेंजचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. ऑडिओ गोल-गोल फिरत बसतो, अक्षरं मात्र लगेच उघडतात. म्हणून दर भाग इथे लिहून ठेवतो. बोलताना शंभरदा येणारं “म्हणजे कसं आहे ना” तेवढं काढलंय, बाकी जवळपास तसंच.

भागाची सुरुवात एका व्हॉइस नोटने झाली होती. गडचांदूरचा दहावीतला पोरगा. मागे बसचा हॉर्न वाजतोय आणि हा सांगतोय, “दादा, डेमन स्लेअर झालं, जेजेके झालं, सोलो लेव्हलिंग बी झालं. आता पुढचं कोनतं हिट होईन? आधीच सांगून ठेव ना. म्हणजे मी पाहून घेतो, आन् मंग वर्गातल्या पोरायले सांगतो का म्या पयलेच पाह्यलं होतं.”

मला हा प्रश्न फार आवडला. कोणी आधी पाहिलं, याचा मान शाळेत पहिल्या नंबरापेक्षा मोठा असतो. मीही नारुतोच्या वेळी हेच केलेलं आहे. तेव्हा उत्तर देतो, तीन नावं सांगतो. पण नावं सांगायच्या आधी एक गोष्ट बघू, की एखादी सीरीज हिट झाली हे ठरवतं कोण? कारण त्या ठरवण्यात आपण कुठे आहोत हे शोधायला गेलो आणि माझा मूडच गेला. तेही सांगतो.

पोस्टकार्डावर चालणारं दुकान

नवीन ऐकणाऱ्यांसाठी एका ओळीत: मंगा म्हणजे जपानी चित्रकथा, बहुतेक काळीपांढरी, उजवीकडून डावीकडे वाचायची. अ‍ॅनिमे म्हणजे तिथलं अ‍ॅनिमेशन, जे बऱ्याच वेळा एखाद्या मंगावरूनच केलेलं असतं. झालं.

आता आपल्या ओळखीच्या निम्म्या सीरीज एका जाडजूड, स्वस्त साप्ताहिकातून आलेल्या आहेत. ‘वीकली शोनेन जंप’. शुएइशा या प्रकाशन संस्थेने १९६८ मध्ये सुरू केलं. ड्रॅगन बॉल, नारुतो, वन पीस, ब्लीच, डेमन स्लेअर, जुजुत्सु कायसेन, सगळ्या याच घरच्या. एका अंकात वीसेक मालिका, प्रत्येकीला एकोणीस-वीस पानं. १९९५ च्या सुरुवातीला याच्या एका अंकाच्या ६५ लाखांच्या वर प्रती छापल्या गेल्या होत्या. एका अंकाच्या!

पण खरी गंमत पुढे आहे. अंकासोबत एक पोस्टकार्ड यायचं. वाचकाने त्यावर आवडलेल्या तीन मालिका लिहायच्या आणि कार्ड पेटीत टाकायचं. आता हे ऑनलाइनही भरता येतं. संपादक ही कार्डं मोजतात. नवी मालिका सुरू झाली की पहिल्या काही आठवड्यांत तिला किती मतं पडतात यावर तिचं आयुष्य ठरतं. कितीतरी मालिका वीस प्रकरणांच्या आसपास गुंडाळल्या जातात. चित्रकाराने तीन वर्षांची कथा डोक्यात धरलेली असते आणि त्याला सांगतात, पाच आठवड्यांत संपव. तुम्ही कधी मंगा वाचताना “अरे, शेवट असा घाईत का उरकला?” असं म्हणाला असाल, तर बहुतेक वेळा कारण हे.

म्हणजे ओसाकातल्या दहावीतल्या पोराचं मत टोकियोत टेबलावर मोजलं जातं. हे डोक्यात ठेवा, मी परत येतो यावर.

आता मोजणारे चुकत नाहीत का? चुकतात की. हाजिमे इसायामा ‘अटॅक ऑन टायटन’ घेऊन आधी जंपकडेच गेला होता. तिथे त्याला सांगण्यात आलं की हे नको, जंपला शोभेल असं काहीतरी आण. तो उठला आणि कोदांशा या दुसऱ्या प्रकाशनाकडे गेला. २००९ मध्ये मालिका सुरू झाली, २०२१ मध्ये संपली. मधल्या काळात काय झालं ते तुमच्या भिंतीवरच्या पोस्टरला विचारा. हा इसायामा ओयामा नावाच्या गावात वाढला, क्यूशू बेटावर, चारही बाजूंनी डोंगर. त्या डोंगरांच्या आत कोंडल्यासारखं वाटायचं, त्यातून ती भिंत सुचली. आज ओयामाच्या धरणासमोर लहानग्या एरेन, मिकासा आणि आर्मिनचे पुतळे आहेत, धरणाच्या भिंतीकडे मान वर करून बघणारे. माणिकगडचे डोंगर बघत मोठे झालेले आपण, म्हणून हे सांगावंसं वाटलं.

दुसरी गोष्ट डेमन स्लेअरचीच. कोयोहारू गोतोगे यांची ही मंगा २०१६ मध्ये सुरू झाली. चालायची बरी, पण डोक्यावर घेतलेली नव्हती. एप्रिल २०१९ मध्ये युफोटेबल या स्टुडिओने अ‍ॅनिमे आणला तेव्हा पुस्तकांच्या सुमारे ३५ लाख प्रती बाजारात होत्या. ऑक्टोबर २०२० मध्ये हा आकडा १० कोटींच्या पुढे गेला. दीड वर्षात! कथा तीच होती, पात्रं तीच होती. मधे एकोणिसावा एपिसोड झाला. तांजिरोला वडिलांचा तो अग्नीचा नाच आठवतो, गाणं सुरू होतं आणि पुढची काही मिनिटं तुम्ही श्वास घ्यायचं विसरता. ज्यांनी पाहिलाय त्यांच्या अंगावर आत्ताही काटा आला असेल. ज्यांनी नाही पाहिला, त्यांनी माझं ऐकणं थांबवून आधी तो पाहून या.

म्हणून माझा पहिला नियम: डाव लावताना कथा बघा, पण त्याआधी स्टुडिओ बघा. मधली कथा चांगल्या हातात पडली तर सोनं होतं. उलटं झालं तर काय होतं त्याची उदाहरणं तुम्हीच कमेंटमध्ये द्याल, मी कोणाशी भांडण घेत नाही.

जपानमध्ये तर पुढचं हिट ओळखायची चक्क स्पर्धाच आहे. ‘त्सुगी नी कुरू मंगा तायशो’. मतलब, “आता येणाऱ्या मंगाचा पुरस्कार”. २०१४ पासून चालू आहे, वाचक मतं देतात, आणि फार जुन्या झालेल्या मालिका यात बसत नाहीत. २०१९ मध्ये वेब विभागात पहिली आली ‘स्पाय एक्स फॅमिली’. २०२१ मध्ये छापील विभागात ‘ओशी नो को’ आणि वेब विभागात ‘कायजू नंबर ८’. बघा, अंदाज कसे बसलेत. पण २०२० ला छापील विभागात ‘अनडेड अनलक’ पहिली होती. तिचा अ‍ॅनिमे आला २०२३ च्या ऑक्टोबरात. तुमच्या वर्गात कितीजणांनी पाहिलाय? तेच. पुरस्कारही चारात एकदा हुकतो.

आणि सगळं जपानमधूनच येईल असंही आता राहिलं नाही. सोलो लेव्हलिंग मुळात कोरियाची. चुगोंग यांची वेब कादंबरी, मग मोबाइलवर वरून खाली सरकवत वाचायची चित्रकथा, मग ए-वन पिक्चर्सने जानेवारी २०२४ मध्ये केलेला अ‍ॅनिमे. मे २०२५ मध्ये क्रंचीरोलच्या पुरस्कारांत वर्षातला सर्वोत्तम अ‍ॅनिमे तीच ठरली. फोन हातात धरूनच वाचायला बनवलेली गोष्ट, आपल्यासारख्या फोनवाल्यांना पटकन पटली यात काय नवल?

आपल्याकडे हिट कसं होतं

आता टोकियो सोडून कोरपन्यात या.

आपण डोरेमॉन बघत मोठे झालो तेव्हा ते जपानी आहे हे कोणाला माहीत होतं? नोबिता हिंदी बोलायचा, संपला विषय. शिनचॅन २००६ पासून हंगामा चॅनेलवर लागायचा. पोरं बिघडतात म्हणून आईबाप ओरडले, २००८ मध्ये बंदी आली आणि पुढे कात्री लावून परत आला. (माझ्या आईचं मत विचाराल तर ती बंदी अजून उठायला नको होती.) पोकेमॉन आणि ड्रॅगन बॉल झी कार्टून नेटवर्कवर हिंदीत. म्हणजे आपल्याकडची हिट कथेने जेवढी झाली तेवढीच भाषेने झाली. जे हिंदीत आलं ते गावात पोचलं. आणि आपल्या तालुक्यात तर हिंदीच्या जोडीला तेलुगू. पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद. नांदा फाट्यावर चहा पिताना तीन भाषा कानावर पडतात, कोलामी आणि गोंडी वेगळ्याच.

थिएटरची गोष्ट मात्र नवी आहे. २०१९ मध्ये माकोतो शिंकाई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ भारतात यावा म्हणून इथल्या चाहत्यांनी ऑनलाइन अर्ज चालवला. पन्नास हजारांच्या आसपास सह्या गोळा झाल्या आणि त्या ऑक्टोबरात सिनेमा खरोखरच इथल्या पडद्यावर लागला. शिंकाई स्वतः भारतात येऊन गेले. मला ही गोष्ट कुठल्याही क्लायमॅक्सपेक्षा भारी वाटते. तोपर्यंत वितरकांना वाटत होतं की भारतात जपानी अ‍ॅनिमे थिएटरात बघायला कोण येणार? चाहत्यांनी उठून सांगितलं, आम्ही, आणि आम्ही एवढे आहोत, मोजा.

सहा वर्षांनी, १२ सप्टेंबर २०२५ ला, डेमन स्लेअरचा ‘इन्फिनिटी कॅसल’ आला तर मुंबईत पहाटेचे शो लागले. आम्ही चौघं नागपूरला गेलो. दोनशेच्या आसपास किलोमीटर, अर्धी रात्र गाडीत, आणि घरी काय सांगितलं होतं ते इथे लिहीत नाही. सिनेमा जपानी, इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगूत होता. आम्ही हिंदी पाहिला. परत येताना एकजण म्हणाला, “तेलुगूत पाह्यला असता तं अजून मजा आली असती.” त्याचं आजोळ तिकडचं. मग गाडीत कोणीतरी विचारलं, “मराठीत काऊन नाही बे?”

गाडीत सगळे हसले. मी पण हसलो. मग जांबच्या अलीकडे कुठेतरी ते हसणं ओसरलं आणि मला तो पोस्टकार्डवाला पोरगा आठवला.

कोरपना तालुक्यात जुजुत्सु कायसेन कितीजणांनी पाहिलं असेल? कोणालाच माहीत नाही. कारण आपण बघतो ते ग्रुपवर आलेल्या फाइलवर. एकाने उतरवलं, दहांना पाठवलं, दहांनी शंभरांना. कोणीतरी पडद्यावर स्वतःच्या चॅनेलचं नाव मोठ्ठं छापलेलं असतं, खाली जुगाराच्या अ‍ॅपची जाहिरात. मी हे भाषण म्हणून सांगत नाही. जेजेकेचा पहिला सीझन मी स्वतः असाच पाहिलाय, ज्याचा आवाज आणि ओठ यांच्यात दोन सेकंदांचं अंतर होतं. पण हिशेब बघा. फाइलीतून बघणारा शंभरातला प्रत्येकजण कुठल्याच यादीत येत नाही. कंपनीच्या नकाशावर गडचांदूर अंधारात आहे. तिथे बसलेला माणूस म्हणणार, मराठी डब करायला खर्च येतो, बघणारे आहेत कुठे? आणि त्याच्या कागदावर ते खरंच नाहीत.

तेलुगूवाले, तमिळवाले दिसतात. त्यांची थिएटरं भरतात, त्यांचे आकडे लागतात. आपण हिंदीच्या आकड्यात विरघळून जातो. आपल्याला हिंदी येतं हा आपला फायदा, आणि मराठी डब न होण्याचं कारणही तेच.

तेव्हा बघायचं कसं, फुकटात? सांगतो. ‘मंगा प्लस’ हे शुएइशाचंच अ‍ॅप आहे, २०१९ पासून. चालू मालिकांची पहिली तीन आणि ताजी तीन प्रकरणं फुकट, जपानमध्ये अंक येतो त्याच सुमारास. इंग्रजी वाचावं लागतं, पण मंगाचं इंग्रजी आपल्या बोर्डाच्या पेपरपेक्षा सोपं आहे. यूट्यूबवर ‘म्यूस एशिया’सारखे अधिकृत चॅनेल पूर्ण मालिका दाखवतात. क्रंचीरोलने २०२२ मध्ये भारतातला दर महिन्याला ७९ रुपयांपर्यंत खाली आणला होता. चौघांत एक खातं काढायचा विचार मनात आला असेल तर अटी वाचा, मी काही बोललो नाही. मुद्दा एवढाच की यातलं प्रत्येक बघणं कुठेतरी एक आकडा पुढे सरकवतं. ते आपलं पोस्टकार्ड.

आता डाव

चला, दहावीवाल्या, तुझ्यासाठी. जेजेकेचा तिसरा सीझन आणि ‘फ्रीरेन’चा दुसरा, दोन्ही जानेवारी २०२६ चे. दोन्ही चालणार, पण ते सांगून तुला वर्गात मान मिळणार नाही. सगळ्यांना माहीत आहे. दंडादनही आता जुनं झालं. मला नवं सांगायचंय.

पहिला डाव: ‘कागुराबाची’. ताकेरू होकाझोनो यांची मंगा, जंपमध्ये सप्टेंबर २०२३ पासून. चिहिरो नावाचा पोरगा, बाप तलवारी घडवणारा लोहार. साधा लोहार नाही, एका युद्धाचा निकाल फिरवणाऱ्या सहा मंतरलेल्या तलवारी त्याने घडवल्यात. बापाला मारून कोणीतरी त्या तलवारी पळवतं आणि पोरगा सातवी घेऊन निघतो. ऐकायला जुनीच सूडकथा ना? मलाही वाटलं. आणि हिचा जन्मच चेष्टेत झाला. पहिलं प्रकरण आलं आणि जगभरच्या इंटरनेटने मस्करीत ठरवलं की हीच आजवरची सगळ्यात महान मंगा. मीम्सचा पूर आला. लोक मीम टाकायला म्हणून वाचायला गेले आणि वाचतच राहिले. २०२४ च्या त्या ‘आता येणाऱ्या मंगा’ पुरस्कारात छापील विभागात ही पहिली आली. मारामारी आखायची होकाझोनोची पद्धत सिनेमासारखी आहे: काळं पान, मधेच एक रेघ, आणि चिहिरोच्या तलवारीतून पोहत निघालेले सोनेरी मासे. पान हलत नसताना ते मासे हलताना दिसतात. हे ज्या दिवशी चांगल्या स्टुडिओच्या हातून पडद्यावर हललं, त्या दिवशी हिचा एकोणिसावा एपिसोड झाला समजा. माझे सगळ्यात जास्त पैसे इथे. पैसे म्हणजे समोसे.

दुसरा डाव: ‘गाचियाकुता’. हिचा अ‍ॅनिमे जुलै २०२५ ला आलाय, बोन्स फिल्मने केलेला, म्हणजे ‘पुढचं’ म्हणावं की नाही असा वाद घालता येईल. मी म्हणतो आपल्याकडे अजून यायचीच आहे. केई उराना यांची मंगा, २०२२ पासून. वर आकाशात तरंगणारं स्वच्छ शहर, त्याच्या कडेला गुन्हेगारांच्या वंशजांची झोपडपट्टी, आणि खाली खड्डा, ज्यात वरचे लोक कचरा टाकतात. कचऱ्यासोबत माणसंही. रुडो नावाचा झोपडपट्टीतला पोरगा, कचऱ्यातल्या वस्तू उचलून दुरुस्त करायचा नाद. सांभाळणाऱ्या माणसाच्या खुनाचा खोटा आळ येतो आणि त्याला खाली ढकलतात. खाली गेल्यावर कळतं की ज्या वस्तूला माणसाने जीव लावून वापरलंय तिच्यात ताकद येते. हातमोजे, छत्री, काहीही.

मी ही बघताना दोन-तीनदा थांबलो. आपल्याकडचा चुनखडीचा दगड इथून निघतो, भाजून, दळून सिमेंट होतो आणि लांबच्या शहरातल्या उंच इमारतींत जातो. तुरीच्या पानावर बसते ती धूळ इथे राहते. कोणाला दोष द्यायला नाही सांगत, निम्म्या घरांची चूल त्याच पगारावर पेटते, आमचीही पेटलीय. पण वरचे आणि खालचे ही गोष्ट समजायला आपल्याला सबटायटल लागत नाही. आणि बापाची लुना तारेने बांधून अजून चालवणाऱ्या पोरांना वस्तूत जीव असतो हे कोणी वेगळं सांगायला हवं? म्हणून म्हणतो, ही हिंदीत नीट पोचली की आपल्या पट्ट्यात पेटेल. भिंतीवर रंग फवारल्यासारखी चित्रं, त्यामुळे पोस्टरही भारी दिसतात. हॉस्टेलवाल्यांनो, नोंद घ्या.

तिसरा डाव लावायच्या आधी एक बाजूची गोष्ट. ‘द समर हिकारू डाइड’ नेटफ्लिक्सवर जुलै २०२५ ला आली. डोंगरातल्या छोट्या गावातले दोन मित्र. एक डोंगरात हरवतो, आठवड्याने परत येतो, आणि दुसऱ्याला कळतं की परत आलेला तो नाहीच. ही कधी जेजेके होणार नाही, मारामारी नाही, नुसती रातकिड्यांची किरकिर आणि भीती. पण जंगलात गेलेल्या माणसाची वाट बघणं काय असतं हे ज्या गावांना माहीत आहे त्यांनी रात्री एकट्याने बघू नये. मी बघितली. दुसऱ्या दिवशी पाण्याची मोटर लावायला पहाटे शेतात गेलो नाही.

आता तिसरा डाव, ज्यावर मी बहुतेक हरणार आहे: ‘आकाने-बानाशी’. युकी सुएनागा यांची कथा, ताकामासा मोउए यांची चित्रं, जंपमध्ये २०२२ पासून. अ‍ॅनिमे २०२६ मध्ये येणार अशी घोषणा झाली होती. यात तलवार नाही, राक्षस नाही. यात राकुगो आहे. राकुगो म्हणजे एक माणूस गादीवर गुडघे मोडून बसतो, हातात फक्त पंखा आणि एक कापडी रुमाल. बसल्या जागी तो दहा माणसांचे आवाज काढतो. पंखाच कधी काडी होतो आणि तो त्याने शेवया खातो, तुमच्या तोंडाला पाणी सुटतं. आकानेचा बाप राकुगो कलाकार असतो. बढतीच्या परीक्षेत त्याला आणि त्याच्याबरोबरच्या सगळ्यांना गुरुघराण्यातला वरिष्ठ सरळ हाकलून देतो. बाप कला सोडून नोकरी धरतो. पोरगी ठरवते की त्याच कलेत सगळ्यात वर जाऊन दाखवायचं. सूडच आहे, पण गोष्ट सांगून घेतलेला.

ही हरेल असं का म्हणतो? शब्दखेळ. राकुगोतला विनोद जपानी शब्दांत अडकलेला असतो. हिंदी डब करणाऱ्याने शब्दाला शब्द ठेवला तर हसू मरतं.

आणि इथेच मला झाडीपट्टी आठवते. आपल्याकडे कापूस, पण पूर्वेला धानाच्या पट्ट्यात, ब्रह्मपुरी, वडसा, कुरखेड्याकडे, धान निघालं की रात्ररात्रभर नाटकं रंगतात. वडसा हे त्याचं माहेरघर. दिवाळी झाली की हंगाम सुरू होतो. तिथले परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. माइकसमोर उभं राहून शेवटच्या रांगेतल्या म्हातारीपर्यंत हसू पोचवणं, ऐन वेळी गावातलं नाव संवादात घुसवणं, हे ज्यांना रोज जमतं त्यांच्या हातात आकाने-बानाशीची मराठी द्या. शब्दखेळ ते शब्दाला शब्द लावून करणारच नाहीत, नवा करतील. मुंबईच्या स्टुडिओत शुद्ध मराठीत वाचलेलं मला नकोय, हे आधीच सांगून ठेवतो. माझ्या डोक्यात आकानेचा बाप झाडीबोलीत बोलतो.

“कोण बघणार एवढी स्थानिक गोष्ट?” असं वाटत असेल तर ‘गोल्डन कामुय’ बघा. सातोरू नोदा यांची मंगा, २०१४ ते २०२२. त्यातली आसिरपा ही ऐनू या आदिवासी समाजाची पोरगी. ऐनू भाषा नीट यावी म्हणून हिरोशी नाकागावा या अभ्यासकाची मदत घेतली होती. शिकार, स्वयंपाक, देव, शब्द, सगळं बारकाईने. जपानमधल्याच कितीतरी जणांना ती भाषा पहिल्यांदा तिथे ऐकू आली आणि सीरीज धडाक्यात चालली. (मोठ्यांची आहे, आठवी-नववीवाल्यांनी थांबा.) कोलामी बोलणारी आजी ज्यांच्या घरात आहे, त्यांनी बघून मला सांगा काय वाटलं.

तर हे तीन. कागुराबाची नक्की, गाचियाकुता आपल्या पट्ट्यात, आकाने-बानाशी माझ्या हट्टासाठी. पुढच्या दिवाळीला हा भाग परत उघडू. हरलो तर गडचांदूर स्टँडवर समोसे माझ्याकडून, पण पहिल्या दहा जणांनाच.

भाग टाकल्यानंतर आलेलं

हे रेकॉर्डिंगमध्ये नव्हतं, लिहिताना जोडतोय. भाग ऐकून नारंड्याकडच्या एका अकरावीतल्या मुलीने सहा फोटो पाठवले. विज्ञानाच्या जर्नलची मागची कोरी पानं, काळं पेन, फूटपट्टीने आखलेल्या चौकटी. खाणीचा डंपर चालवणारी एक बाई, रात्रपाळी, आणि धुळीतून उभं राहणारं काहीतरी, ज्याला अजून तोंड काढलेलं नाही. चौथ्या पानावर डंपरच्या चाकाशेजारी ती बाई उभी आहे आणि चाक तिच्या दुप्पट आहे. त्या एका चौकटीत कळतं की ही पोरगी ते चाक जवळून बघून आलीय.

मी तिला ‘मंगा प्लस क्रिएटर्स’चं सांगितलं, शुएइशाचंच आहे, जगातलं कोणीही आपली मंगा तिथे टाकू शकतं. मराठीत चालत नाही, इंग्रजी करावं लागेल, मी मदत करीन म्हटलं. ती म्हणाली, इंग्रजीचं नंतर बघू दादा, आधी एक सांग: पानं उजवीकडून डावीकडे काढू का डावीकडून उजवीकडे?

मी विचारलं, डंपरवाली बाई बोलते कोणत्या भाषेत?

“आपल्याच.”

मग डावीकडून काढ म्हटलं. सातवं पान अजून यायचंय. तिची परीक्षा आहे.